बारा इंचाची लाज कशाला?

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. पहिला प्रकार म्हणजे घरी नवी गाडी आल्यावर पोट्ट्याकडे ढकललेली जुनी मारुती ८००, अल्टो किंवा एखादी नॅनो. दुसरा प्रकार म्हणजे त्याच गाड्या, पण खाली तेरा-चौदा इंची अलॉय लावलेल्या. पहिल्यातून दुसऱ्यात जायला एक सेमिस्टर पुरतं. घरून मेससाठी आलेले पैसे, थोडी उधारी, दुकानदाराचं "भाऊ, आता कशी भरल्यासारखी दिसते गाडी!" आणि झालं काम.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. कमी ताकदीच्या लहान गाडीला कंपनीने दिलेलं लहान, अरुंद आणि हलकं चाक हेच तिचं खरं चाक आहे. ते कंजुषीने दिलेलं नसतं, हिशोबाने दिलेलं असतं. आणि तो हिशोब दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलवाल्यालाही जमण्यासारखा आहे. दुःख हेच की आपण तो परीक्षेत करतो, दुकानात करत नाही.

आधी टायरवरचे आकडे वाचू. मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं असतं. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के एवढी बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल आणि १२ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. इंच, मिलिमीटर आणि टक्के एकाच ओळीत! पेपरमध्ये आपण असं लिहिलं तर सर मार्क कापतील, पण जगभर हेच चालतं. असो. भिंतीची उंची झाली १०१.५ मिमी, दोन्ही बाजूंची मिळून २०३. रिमचे ३०४.८. एकूण व्यास ५०७.८ मिमी.

आता त्या जागी १५५/७० आर १३ बसवा. दुकानात "फक्त एक इंच मोठा" असं सांगतात. व्यास येतो ५४७.२ मिमी, म्हणजे जवळपास ७.८ टक्के वाढ. चौदा इंचात १७५/६५ आर १४ घातला तर ५८३ मिमी, म्हणजे वाढ थेट १४.८ टक्के. चाक मडगार्डला घासेल हे पंक्चरवालाही सांगेल. न घासणाऱ्या गोष्टी जास्त महागात पडतात.

इंजिनचा टॉर्क गिअरबॉक्समधून चाकापर्यंत येतो आणि रस्त्यावर जे बळ मिळतं ते असतं टॉर्क भागिले त्रिज्या. त्रिज्या ७.८ टक्के वाढली की प्रत्येक गिअरमध्ये ओढ सुमारे ७.२ टक्के कमी झाली. दीडशे हॉर्सपॉवरच्या गाडीला हे जाणवणारही नाही. पण एमपीएफआय ८०० म्हणजे ७९६ सीसी, ३७ बीएचपी आणि ५९ न्यूटन-मीटर. तिच्याकडे उधळायला काही शिल्लकच नाही.

हे टक्क्यांत समजत नसेल तर माणसांत सांगतो. गाडी साधारण ६५० किलोची. त्यात पाच जण बसून रामटेकच्या गडावर निघाले, प्रत्येकी ६० किलो धरा. एकूण ९५० किलो. चढावर ओढ आणि वजन यांचं गुणोत्तर महत्त्वाचं. त्या हिशोबाने चाक ७.८ टक्के मोठं करणं म्हणजे ७४ किलो वजन वाढवण्यासारखं आहे. अर्थात न दिसणारा सहावा मित्र गाडीत बसला, तोही चांगला मेसचं खाऊन वाढलेला! मग दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिला मागते, क्लच जळतो, आणि आपण म्हणतो "मारुतीत दम नाही बे."

ब्रेकचंही तेच. पायाखालचा दाब तोच, डिस्क तीच, म्हणून ब्रेकचा टॉर्क तोच. त्रिज्या वाढली की रस्त्यावर लागणारं रोखण्याचं बळ तेवढंच कमी. चढावर न चढणारी गाडी फार तर लाज आणते. उतारावर उशिरा थांबणारी गाडी काय आणते ते लिहायची गरज नाही.

गंमत मीटरची. स्पीडोमीटरला चाकाचे फेरे कळतात, चाकाचा आकार कळत नाही. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ ने पळते. किलोमीटरही कमी मोजले जातात. खरे १८ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी मीटरवर १६.७ देते. "अलॉय लावल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं" ही जी रड आपण ऐकतो, तिच्यातला एक भाग खरा असतो आणि एक भाग निव्वळ भागाकाराचा असतो. ज्याला हे माहीत नाही तो मेकॅनिककडे इंजिन उघडायला गाडी घेऊन जातो.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. होस्टेलमध्ये एक वाक्य फार फिरतं: चाकावरचा एक किलो म्हणजे बॉडीवरचे दहा किलो. हे खोटं आहे. चाक सरळही जातं आणि फिरतंही. सगळं वजन अगदी बाहेरच्या कडेला आहे असं धरलं तरी वेग घेताना एक किलो फार फार तर दोन किलोसारखा वागतो, त्याहून जास्त नाही. प्रत्येक चाक ३ किलोने जड झालं तर एकूण १२ किलो, परिणाम २४ किलोच्या आत. म्हणजे ओढीचं खरं नुकसान चाकाच्या वजनाने कमी आणि व्यासाने जास्त होतं. जड चाकाचा खरा त्रास दुसरीकडे आहे. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की ६५० किलोची बॉडी खड्ड्यात जास्त उसळते. जड गाडीला हे सोसतं. हलक्या गाडीत मागे बसलेल्याच्या पाठीला विचारा.

मग रुंद टायरने पकड वाढते त्याचं काय? हा प्रश्न रास्त आहे. टायर जमिनीला जेवढ्या भागाने टेकतो तो भाग ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब एवढा असतो. दोन जण बसलेल्या ८०० मध्ये एका चाकावर सरासरी १९५ किलो येतात. हवा ३० पीएसआय धरली तर क्षेत्रफळ येतं सुमारे ९२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तळहाताएवढं. टायर रुंद केला म्हणून हा तळहात मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. रुंदी वाढते, लांबी घटते. वळणावर याचा थोडा फायदा मिळतो, नाकारत नाही. पण कोरड्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरपुढे हे इंजिन चाकं जागच्या जागी फिरवूच शकत नाही, तिथे जादा पकड घेऊन करायचं काय? शिवाय पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी बर्डीच्या गर्दीत पार्क करताना ती जादा रुंदी हाताला कळते.

आणि पावसाळ्यात हाच रुंद टायर उलटा फिरतो. पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग किती, यावर नासाने १९६३ मध्ये विमानांच्या टायरसाठी एक सूत्र दिलं होतं. त्यात दाबाचं वर्गमूळ येतं. मोटारीला ते अंदाजापुरतं लावलं तर ३० पीएसआयला साधारण ९१ किमी आणि २० पीएसआयला ७४ किमी वेग येतो. म्हणजे हवा कमी ठेवणारा आधी तरंगणार. नंतरच्या अभ्यासात हेही दिसलं की टेकणारा भाग आडवा रुंद आणि लांबीला आखूड असेल तर तरंगणं लवकर सुरू होतं. अरुंद टायर पाणी कापत जातो. जुलैमध्ये वर्धा रोडवर साचलेल्या पाण्यातून जाताना हे आठवावं.

"पण कंपनीनेच आता मोठं चाक दिलंय ना?" हा माझ्या रूम पार्टनरचा आवडता मुद्दा. बरोबर आहे. अल्टो ८०० ला १४५/८० आर १२ होता, २०२२ मध्ये आलेल्या नव्या अल्टो के१० ला १४५/८० आर १३ आहे. पण आकडे पुन्हा वाचा. एक, इंजिन ७९६ चं ९९८ सीसी झालं. दोन, मोठ्या चाकाला साजेसे गिअर कंपनीने स्वतः ठरवले. तीन, रुंदी १४५ च राहिली, भिंतही ८० टक्केच राहिली! म्हणजे कंपनीने उंची वाढवली, रुंदी नाही. दुकानदार आपल्याला बरोबर उलट विकतो: रुंदी आणि पातळ भिंत.

लहान गाडीला मोठं चाक कधीच नको, असं माझं म्हणणं नाही. १९४८ ची सिट्रोएन टू सीव्ही बघा. ३७५ सीसी, ९ हॉर्सपॉवर, आणि चाकं १२५ मिमी रुंद पण ४०० मिमी रिमवरची, उंच. ती फ्रान्सच्या शेतकऱ्यासाठी होती, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता जावी ही अट. उंच चाक खड्ड्यावरून सहज जातं म्हणून उंच, इंजिन दुबळं म्हणून अरुंद. उलट १९५९ ची ब्रिटिश मिनी. अ‍ॅलेक इसिगोनिस यांना तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवायची होती, म्हणून चाक १० इंची घेतलं आणि डनलॉपकडून त्या मापाचे टायर खास बनवून घेतले. एकाने मोठं निवडलं, एकाने लहान. दोघंही बरोबर होते, कारण दोघांनी आधी गाडी कशासाठी हे ठरवलं आणि मग चाक. आपल्याकडेही पद्मिनीला ५.२०-१४ आणि अ‍ॅम्बॅसिडरला ५.९०-१५ असे उंच, अरुंद टायर होते. अगदी बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आय३ ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा १९ इंची रिमवर १५५ मिमीचा टायर दिला. ताकद भरपूर असूनही रुंदी अल्टोपेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर जास्त!

सगळ्यात चांगला धडा मात्र आपल्या घरचा आहे. टाटांनी पुण्यात घडवलेली नॅनो. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने केलेली ही गाडी १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये लोकांनी पाहिली. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. चाक बारा इंची आणि तीनच बोल्टवर बसवलेलं. त्यावर तेव्हा विनोद झाले. पण टायर बघा: पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. पुढचा अरुंद, मागचा रुंद. पैसे वाचवायचे असते तर चारही सारखेच दिले असते, स्टेपनीचा प्रश्नही सोपा झाला असता. मग असं का? इंजिन मागे असल्याने वजन मागच्या चाकांवर जास्त. अशी गाडी वळणावर मागून निसटू नये म्हणून मागे पकड जास्त आणि पुढे मुद्दाम कमी. त्या २० मिलिमीटरच्या फरकात गाडीचा तोल आहे. आता एखादा हौशी पोट्टा "पुढचे फार बारीक दिसतात" म्हणून चारही १५५ टाकतो आणि इंजिनिअर लोकांनी विकत घेतलेला तो तोल फुकटात घालवतो. नॅनोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. गाडी बाजारात का हरली यावर वाद घाला, पण तिच्या चाकांत चूक काढायला जागा नाही.

आता नागपूरकडे येऊ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि खाली सिमेंटचा रस्ता तापलेला. सकाळी ३० अंशाला भरलेली हवा चालून ६० अंशाला गेली तर दाब सुमारे ४ पीएसआयने वाढतो. हे टायर बनवणाऱ्याने धरलेलं असतं. म्हणून गरम टायरमधली हवा "उन्हाळा आहे" म्हणून सोडू नये. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि स्वतःच स्वतःला तापवतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि टायर फुटून अपघात हा शब्दप्रयोग आपल्या पेपरात नेहमीचा झाला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. मोटारीला १२० ची मर्यादा असलेल्या त्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायरला उसंत मिळत नाही. अशा ठिकाणी लेव्हल न तपासलेली हवा, वय न पाहिलेलं जुनं रबर आणि अंदाजाने निवडलेलं माप घेऊन दिवाळीला घरी निघणं ही हिंमत नाही.

पातळ भिंतीचंही इथेच बोलतो. काही जण हुशारी करून १७५/५० आर १३ टाकतात. व्यास ५०५ मिमी, म्हणजे मूळच्या इतकाच. शाबास, गणित केलं! पण भिंत १०१.५ वरून ८७.५ मिमी झाली. शहरातल्या सिमेंट रस्त्याच्या कडेला जी पायरी असते, ती त्या कमी झालेल्या १४ मिलिमीटरवर आदळते. रिम वाकतो, टायरच्या बाजूला फुगा येतो आणि तो फुगा समृद्धीवर फुटतो.

मग करायचं काय? टायर तर बदलावेच लागतात, आणि जुन्या गाडीचे तर लगेच बदलावे लागतात. मी सांगतो ते काही गुपित नाही. दाराच्या आतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं माप हे पहिलं उत्तर. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने मोठं माप दिलं असेल तर ती शेवटची पायरी समजा. बदलायचंच झालं तर व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवा. ८०० वाल्याला जरा रुंद हवाच असेल तर नॅनोच्या मागच्या चाकाचं १५५/६५ आर १२ हे माप ५०६.३ मिमीचं आहे, मूळपेक्षा दीड मिलिमीटर कमी. रिमच्या रुंदीवर ते बसतं का एवढं आधी विचारा. लोड इंडेक्स कमी होऊ देऊ नका. ६९ म्हणजे एका टायरवर ३२५ किलो, हे लक्षात ठेवा. रिमचा ऑफसेट बदलला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो, दिसायला कितीही भारी वाटलं तरी. स्टेपनीही त्याच मापाची हवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. "नवा" म्हणून जुना माल गळ्यात पडू नये म्हणून ते वाचा. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर संपला. आणि आरसीवर नोंदलेल्या गाडीत मनाने बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, अपघातानंतर विम्याचा माणूस ते आपल्याआधी वाचून येतो.

एका दुकानात मी हा हिशोब वहीवर मांडून दाखवला तेव्हा मालक हसून म्हणाले, "इंजिनिअर साहेब, गिऱ्हाईक आकडा नाही बघत, चाक बघते." त्यांचं चूक नाही, त्यांचा तो धंदा आहे. आपला धंदा आकडा बघण्याचा आहे. बाजा एसएई इंडियासाठी गाडी बनवणारी आपलीच पोरं सगळ्या टीमना मिळणाऱ्या त्या दहा हॉर्सपॉवरच्या छोट्या इंजिनसाठी टायरचा व्यास आणि गिअर रिडक्शन यांवर रात्र-रात्र जागतात, एकेक किलोसाठी भांडतात. तीच पोरं सुट्टीत घरच्या अल्टोला डोळे मिटून चौदा इंची लावतात! स्पर्धेच्या गाडीत आपण एकटे बसतो, घरच्या गाडीत आई-बाबा बसतात. जास्त काळजी कुठे घ्यायला हवी?

म्हणून एक छोटी सूचना. येत्या रविवारी पार्किंगमध्ये खडू आणि मेजटेप घेऊन या. टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा होऊ द्या आणि अंतर मोजा. ८०० चं मूळ चाक कागदावर १५९५ मिमी जातं, भाराने दबल्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरेल. मग तुमच्या अलॉयवाल्या मित्राच्या गाडीचं मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्याने विकत घेतलेला तो सहावा मित्र. आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते उगाच नाही. मोती कितीही टपोरा असो, चढावर धाप नाकालाच लागते.